संस्कृतीचे सिद्धांत आणि जातीची यंत्रणा

सांस्कृतिक मानवशास्त्राच्या ज्या क्रमिक पुस्तकांवर मी शिकलो आणि ज्यांच्या आधाराने आज सिंधुदुर्गातल्या मुलांना शिकवतो, त्यांत सिद्धांतांची वंशावळ ठरून गेलेली आहे. टायलर-मॉर्गन यांचा उत्क्रांतिवाद, बोआसचा इतिहासनिष्ठ दृष्टिकोण, मॅलिनोव्स्की व रॅडक्लिफ-ब्राउन यांचा कार्यवाद, लेव्ही-स्ट्रॉसचा संरचनावाद. आणि अखेरीस भारताचे प्रकरण म्हणून घुर्ये, श्रीनिवास, द्युमाँ. या वंशावळीत एक जागा रिकामी आहे आणि ती सहज राहून गेलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

मॉर्गनने १८७७ साली मानवजात वन्य, रानटी आणि सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवली. सर्वांत वरच्या पायरीवर त्याचा स्वतःचाच समाज होता! रिस्लेने हीच उतरंड आपल्याकडे नाकाच्या मापाने सिद्ध करू पाहिली. जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा त्याचा हिशेब. अमेरिकेत बोआसने या विचाराला हादरा दिला. संस्कृती रक्तातून येत नाही, इतिहासातून घडते, हे त्याने ठामपणे मांडले.

भारतात हे काम करणाऱ्यांपैकी एक होते गोविंद सदाशिव घुर्ये. ते १८९३ साली मालवणात जन्मले, केंब्रिजला रिव्हर्स व हॅडन यांच्या हाताखाली शिकले आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांचा जातीवरील ग्रंथ १९३२ चा. रिस्लेचा हिशेब उत्तर हिंदुस्थानाबाहेर जुळत नाही, हे त्यांनी मापांच्या आधारे दाखवले. हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेताना बाबासाहेबांनी घुर्ये यांनी मांडलेलीच मापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, असा निष्कर्ष काढला.

पण घुर्ये यांनी जातीची जी सहा लक्षणे सांगितली, ती पाहा. समाजाचे खंड, उच्चनीचता, रोटीबंदी व संपर्काचे निर्बंध, हक्क आणि वंचना, धंद्याची सक्ती, बेटीबंदी. यादी अचूक आहे. परंतु यादी म्हणजे कारणमीमांसा नव्हे. सहांपैकी कोणते लक्षण उरलेल्यांना जिवंत ठेवते, हे यादी सांगत नाही. त्याच ग्रंथात राखीव प्रतिनिधित्व अनावश्यक आहे, त्याने जन्मावरचे भेद टिकतात, असे मतही आहे; आणि वर्ष पुणे कराराचे! भेद कशाने टिकतात याचा सिद्धांत नीट नसला की दोष औषधावर येतो.

हा सिद्धांत तोवर मांडलाच गेला नव्हता काय? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, बोआसचा शिष्य गोल्डनवायझर याच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या यंत्रणेवर निबंध वाचला. तो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापलाही गेला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्या तपासून त्यांनी एकच लक्षण पायाभूत मानले : जातीअंतर्गत विवाह. मग विचारले, ही कोंडी टिकते कशी? नवरा मेला तर बाई जास्त होते, बायको मेली तर पुरुष जास्त होतो; आणि जास्तीचे माणूस कुंपण ओलांडण्याचा धोका. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि विधुरासाठी बालवधू. रूढी आधी आल्या, त्यांचे गुणगान करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले. ब्राह्मणांनी दार लावून घेतले. इतरांपैकी काहींनी अनुकरण केले, काहींना दार बंदच आढळले.

श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची कल्पना १९५२ साली मांडली. वरच्यांचे अनुकरण त्यातही आहे. पण तिथे अनुकरण ही वर चढण्याची शिडी आहे. बाबासाहेबांच्या निबंधात तेच अनुकरण नवी कुंपणे घालते, आणि त्या कुंपणाचा पहिला भार बाईच्या देहावर पडतो. ही मांडणी छत्तीस वर्षे आधीची आहे.

कार्यवादाचा मोह कोकणात फार. आमची गावऱ्हाटी घ्या. ग्रामदेवतेचे गाऱ्हाणे, पालखी, जत्रा, प्रत्येक जातीचे ठरलेले काम. कार्यवादी म्हणेल, पाहा, सगळे गाव एका सूत्रात ओवलेले आहे. मी विचारतो, सूत कोणाच्या हातात आहे? जो मान नाकारता येत नाही तो मान की वेठ? द्युमाँने १९६६ साली शुद्ध-अशुद्धाच्या विचारात जातीचे सार शोधले. बेरेमनने १९७१ साली त्या दृष्टीला ब्राह्मणी म्हटले, आणि १९७४ साली जोन मेंचर यांनी खालून पाहिल्यास जात ही शोषणाची व्यवस्था दिसते, असे मांडले. सिद्धांताला डोळे असतात तसे पायही असतात. तो कुठे उभा आहे, हे तपासल्याशिवाय त्याने काय पाहिले हे कळत नाही.

१९१६ चा निबंध सर्व प्रश्न सोडवतो असे नाही. अस्पृश्यतेचा उगम त्यात नाही. त्यासाठी १९४८ पर्यंत थांबावे लागते. जमिनीचा प्रश्नही त्यात नाही. या उणिवा अभ्यासाच्या आहेत, वगळण्याच्या नाहीत. प्रस्थापितांनी मात्र वगळण्याची सभ्य युक्ती काढली : बाबासाहेबांना ‘आंबेडकर विचार’ या वेगळ्या पेपरात बसवले. अभ्यासक्रमातही वेगळी वस्ती!

माझी मागणी साधी आहे. हा निबंध मानवशास्त्राच्या मुख्य पेपरात, त्याच्या सालाच्या क्रमाने, मॅलिनोव्स्कीच्या १९२२ च्या ग्रंथाआधी शिकवला जावा. आणि क्षेत्रकार्यासाठी दूर बेटावर जायला नको. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील तीन पिढ्यांची लग्ने एका कागदावर लिहून आणावीत. जातीची यंत्रणा त्या कागदावर त्याला स्वतःच्या अक्षरात वाचता येईल.