त्यागाचा हिशेब

ख्रिस्ती माणसाने धनापेक्षा आत्म्याची संपत्ती मोठी मानावी, हे सांगणे सोपे. त्या संपत्तीवर संसार चालविणे कठीण. ही कठीण बाजू मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी मांडली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मी एवढ्याचसाठी थोर मानतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पैशाविषयीची त्यांची बेफिकिरी सर्वश्रुत आहे. एखाद्या भाविक चरित्रकाराने तिची नुसती आरती ओवाळली असती. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. दात्याच्याच घरी डबा रिकामा झाला तर चुलीवर काय ठेवावयाचे, हा प्रश्न त्या हसतहसत पुढे ठेवतात. त्यांचा विनोद पतीला लहान करीत नाही; त्याच्या वैराग्यात पत्नीचाही वाटा होता, एवढेच दाखवितो.

तरीही हे तक्रारीचे पुस्तक नव्हे. दुष्काळातली पोरकी मुले याच घरी जेवली, तेव्हा वाढणारा हात लक्ष्मीबाईंचाच होता. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्या पतीच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या विचाराने.

माझे विद्यार्थी निबंधात ‘त्याग’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. त्यांना मी हे पुस्तक वाचावयास सांगतो. लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाच्या वह्या पुजतो. त्यागाचाही जमाखर्च असतो आणि तो बहुधा घरची बाई सांभाळते. वाचकहो, यंदा ही वही अवश्य उघडा.