रक्तवायू तपासणी आणि बाणांचे कोष्टक : एक आक्षेप

आम्ल-आम्लारी समतोल हा विषय बहुतेक ठिकाणी एका कोष्टकावर शिकवला जातो. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिमी पारा, बायकार्बोनेट २२ ते २६ मिलीमोल प्रतिलिटर. पुढे वर-खाली दाखवणारे बाण, आणि बाण जुळले की विकाराचे नाव. लेखी परीक्षेला एवढे पुरते. एकच साधा विकार असेल तर वॉर्डातही पुरते. माझा आक्षेप असा, की गंभीर रुग्णात हे कोष्टक बऱ्याचदा चुकीचे उत्तर देते, आणि तेही अगदी ठामपणे.

एक उदाहरण घेऊ. जबलपूरजवळचे पाटन हा गव्हाचा मुलूख. धान्य टिकवण्यासाठी वापरली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी तिकडे 'सल्फास' म्हणून ओळखली जाते. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू पेशींचे श्वसन बंद पाडतो, रक्तदाब कोसळतो आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचते. त्यावर उतारा नाही. समजा, अशी विषबाधा झालेला रुग्ण पाटनहून जबलपूरला पोचला आणि अहवाल आला : पीएच ७.१९, कार्बन डायऑक्साइड ३८, बायकार्बोनेट १४.

कोष्टक काय सांगेल? पीएच खाली, बायकार्बोनेट खाली, म्हणजे चयापचयी ॲसिडोसिस. कार्बन डायऑक्साइड ३८, म्हणजे नॉर्मल. फुप्फुसांची काळजी नको.

आता जरा थांबा. रक्त आम्लधर्मी झाले की श्वसनकेंद्र जागे होते, श्वास खोल आणि जलद होतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो. तो किती खाली यायला हवा, याचे विंटर्सचे सूत्र तुम्हाला ठाऊक असेल : बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. १४ ची दीडपट २१, अधिक ८ म्हणजे २९. या रुग्णात २७ ते ३१ अपेक्षित असताना ३८ आहे. तो दमला आहे, किंवा ग्लानीत चालला आहे. ३८ हा निरोगी माणसाचा आकडा. या माणसात तो श्वसन हरत चालल्याची खूण आहे. 'फुप्फुसे ठीक' म्हणून कोणी नुसते बायकार्बोनेट चढवले, तर त्यापासून आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकायची ताकद इथे उरलेली नाही.

आकडा बरोबर आणि वाचन चूक, असे मोठमोठ्यांच्याही हातून झाले आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची साथ होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, वाढलेले दिसे. डॉक्टरांनी त्याला कारण न कळलेला अल्कलोसिस ठरवले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांचे म्हणणे वेगळे होते : श्वास अपुरा पडतो आहे, वायू साचतो आहे, बायकार्बोनेट त्याच्यामागून वाढते आहे. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यांनी पिशवीने हाताने श्वास दिला आणि ती सावरली. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या. तुमच्याच वयाची मुले होती ती. पीएच मोजल्यावर शंका फिटली. ती मोजणी करणाऱ्या पॉल ॲस्ट्रप यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे 'बेस एक्सेस' ही संकल्पना आली.

कोष्टकाचा दुसरा दोष ॲनायन गॅपमध्ये दिसतो, कारण कोष्टकात त्याला जागाच नाही. पीएच ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४. सगळे नॉर्मल. पण सोडियम १४० आणि क्लोराइड ९२ असेल तर गॅप २४, म्हणजे नेहमीच्या सुमारे दुप्पट. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये सतत उलट्या झाल्या की असे होते. दोन विकार एकमेकांना झाकतात.

इथे आपल्याकडच्या रुग्णांसाठी एक दुरुस्ती विसरू नका. अल्ब्युमिन १ ग्रॅमने कमी झाले की गॅप सुमारे २.५ ने कमी दिसतो. कुपोषित रुग्णाचे अल्ब्युमिन ४ ऐवजी २ असेल, तर १३ चा निरुपद्रवी गॅप खरे तर १८ आहे. स्टुअर्ट यांची प्रबळ आयनांची मांडणी याच अल्ब्युमिनचा हिशोब नेटकेपणाने करते. पण पदवीच्या पातळीवर ही दुरुस्ती केलीत तर बेडजवळचे बहुतेक काम होते, असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न यंत्राचा. तालुक्याच्या ठिकाणी ते हाताशी नसेल तर रक्त तिथे काढून दूर पाठवण्यात फारसा अर्थ नाही : सिरिंजमधल्या पेशी ऑक्सिजन खात आणि आम्ल सोडत राहतात, अर्ध्या तासापलीकडचा आकडा विश्वासाचा नाही. पण श्वास मोजता येतो, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. शॉकमधल्या रुग्णाचा श्वास खोल आणि जलद असेल तर ॲसिडोसिसशी झगडा चालू आहे. तोच श्वास तासाभरात ३६ वरून १८ वर आला आणि रुग्ण अधिक सुस्त झाला, तर चिठ्ठीवर 'श्वास नॉर्मल' लिहू नका. दोन्ही आकडे वेळेसह लिहा आणि पिशवी-मास्क तयार ठेवा.