डंकर्कनंतरचे भाषण : निर्धार आणि जमाखर्च

युद्धकाळात राज्यकर्त्याने प्रजेशी कसे बोलावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा वक्तृत्वाच्या अंगाने होते. विन्स्टन चर्चिल यांनी ४ जून १९४० रोजी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये केलेल्या भाषणाची कीर्तीही त्याच्या अखेरच्या परिच्छेदावरच उभी आहे. परंतु ते भाषण साद्यंत वाचणाऱ्यास असे आढळते की, त्याचा मोठा भाग निर्धाराचा नसून जमाखर्चाचा आहे.

आघाडी कशी फुटली, बूलोन व कॅले येथे काय घडले, हे सर्व तेथे क्रमाने येते. वीस-तीस हजार सैनिकच परत आणता येतील अशी आठवड्यापूर्वी धास्ती होती, ही कबुली पंतप्रधान स्वतः देतात. मग सुटका झालेल्यांची संख्या येते : ३,३५,००० हून अधिक. श्रोता येथे सुखावतो. आणि नेमक्या याच ठिकाणी वक्ता त्यास थांबवितो. सुखरूप माघारीस विजय समजू नये, असे बजावून तो हानीची यादी वाचतो : ३०,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता, सुमारे एक हजार तोफा, उत्तरेकडील सैन्याची सर्व वाहने व चिलखती गाड्या. ही मांडणीच या भाषणाचे खरे सामर्थ्य होय. हानी आधी सांगितली असती तर सुटकेने ती झाकली गेली असती. मुळीच सांगितली नसती, तर अखेरचा निर्धार केवळ शब्दावडंबर ठरला असता. आवाजाच्या जादूचा वाटा तर त्या दिवशी नव्हताच. भाषण प्रक्षेपित झाले नव्हते. रेडिओवर निवेदकाने त्यातील उतारे वाचले. चर्चिल यांच्या आवाजातील परिचित ध्वनिमुद्रण १९४९ सालचे आहे.

तथापि या सत्यकथनास डागही आहे. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड यांच्या शरणागतीविषयी इतक्यात निवाडा करू नये, असे चर्चिल यांनी २८ मे रोजी त्याच सभागृहात सांगितले होते. आठवडाभरातच त्यांनी तो निवाडा केला, आणि तोही कठोर शब्दांत. आपल्या हानीचा हिशेब चोख मांडणारी लेखणी दुसऱ्याच्या खात्यात मात्र सैल पडली.

शिवाय हे निवेदन एका लोकनियुक्त सभागृहापुढे होते. ते सरकार पाडू शकत होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले, ते येथील कोणत्याही लोकप्रतिनिधीस न विचारता. त्या वर्षअखेरीपूर्वी मुंबईसह अनेक प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळे राजीनामे देऊन मोकळी झाली. ज्यांस विचारलेच नाही, त्यांच्याशी कितीही उत्तम बोलून काय साधणार?

डंकर्कनंतर दोनच आठवड्यांनी, १७ जून १९४० रोजी, सेंट नाझेरजवळ 'लँकेस्ट्रिया' हे जहाज बुडाले व हजारो माणसे मेली. त्या दिवसापुरत्या वाईट बातम्या पुरे झाल्या, असे मानून चर्चिल यांनी ही बातमी दाबली. ब्रिटिश वृत्तपत्रांत ती आली जुलैच्या अखेरीस, अमेरिकेत छापली गेल्यावर. बंदी उठविण्याचा विचार होता, परंतु घटनांच्या गर्दीत ते राहून गेले, असे चर्चिल यांनी पुढे आपल्या युद्धेतिहासाच्या दुसऱ्या खंडात लिहिले आहे.