मकान आणि मकीन

उर्दूत मकान आणि मकीन हे दोन शब्द जोडीने येतात. मकान म्हणजे घर, मकीन म्हणजे त्या घरात राहणारा. मराठीत त्याला रहिवासी म्हणता येईल. पण रहिवासी म्हटले की तलाठ्याच्या दाखल्याची आठवण होते. मकीन या शब्दात घरात वावरणाऱ्या माणसाची ऊब आहे. ओसाड पडलेल्या जागांवरचे माहितीपट पाहताना आम्हाला ही जोडी वारंवार आठवते, कारण त्यात मकान भरपूर दिसते आणि मकीन शोधावा लागतो.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे हिस्टरी वाहिनीची ‘लाइफ आफ्टर पीपल’. जानेवारी 2008 मध्ये ती एका मोठ्या माहितीपटाच्या रूपात आली आणि एप्रिल 2009 पासून तिची मालिका झाली. कल्पना साधी आहे. पृथ्वीवरची सगळी माणसे एका क्षणात नाहीशी झाली, तर पुढे काय होईल? माणसे का नाहीशी झाली, हे मालिका सांगत नाही. एक दिवसानंतर, एक वर्षानंतर, शंभर वर्षांनंतर अशा पायऱ्यांनी ती पुढे सरकते. दिवे विझतात, बोगद्यांत पाणी भरते, पूल कोसळतात, शहरावर झाडे चढतात. हे चित्र संगणकावर रंगवलेले आहे. पण त्याला पुरावा म्हणून खऱ्या ओसाड जागा दाखवल्या जातात. 2008 च्या माहितीपटात युक्रेनमधले प्रिप्यात होते, तर मालिकेच्या पहिल्याच भागात जपानचे हाशिमा बेट आले.

मालिकेचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. काँक्रीटच्या आतली लोखंडी सळई गंजली की ती फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हे काम लवकर होते. ही गोष्ट आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवली असती, तर मुलांनी जांभया दिल्या असत्या. मालिकेने ती पाच मिनिटांत समजावली. माणसाने बांधलेले सारे फानी आहे, हेही ती वाज न करता सांगते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमचे गाव कोकणातले आहे. आमच्या आठवीच्या वर्गाला आम्ही हाशिमाचा तो तुकडा प्रोजेक्टरवर दाखवला आणि नंतर लिहायला प्रश्न दिला : ‘इमारत का पडते?’ सळई, गंज, मीठ, लाटा असे उत्तर आम्हाला अपेक्षित होते. अर्ध्या वर्गाने ते लिहिलेही. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, इसमें रहते कौन थे? गए कहाँ?” आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर तो प्रश्न आमच्या मनातच आला नव्हता. मालिकेने आम्हाला भिंतीकडे पाहायला लावले होते आणि आम्ही मुकाट्याने भिंतीकडे पाहत होतो.

उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळले की हाशिमाची खरी कहाणी भिंतींच्या आधी सुरू होते. नागासाकीजवळच्या समुद्रातले हे बेट जेमतेम 480 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद. समुद्रतळाखालच्या कोळशासाठी मित्सुबिशीने ते 1890 मध्ये विकत घेतले. 1916 मध्ये तिथे कामगारांसाठी काँक्रीटची बहुमजली इमारत उभी राहिली. जपानमधली ती त्या प्रकारची पहिलीच मोठी इमारत. 1959 मध्ये या चिमुकल्या बेटावर 5,259 माणसे राहत होती. शाळा होती, दवाखाना होता, दुकाने होती. बेटावर झाडाझुडपांना माती नव्हती, म्हणून लोकांनी बाहेरून माती आणून गच्च्यांवर भाजीपाला लावला. मग कोळशाची जागा तेलाने घेतली. जानेवारी 1974 मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत सगळे बेट रिकामे झाले. कंपनीने बोलावले तेव्हा वस्ती झाली, कंपनीचे काम संपले तेव्हा वस्ती उठली.

यापेक्षा कडू गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या खाणीत कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने राबवले गेले. 2015 मध्ये जपानच्या जुन्या औद्योगिक स्थळांबरोबर हाशिमाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्या वेळी अनेक कोरियन व इतर लोकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत कामाला जुंपले होते, हे जपानने मान्य केले आणि त्यांची आठवण जपण्याचे वचन दिले. 2020 मध्ये टोकियोत माहिती केंद्र उघडले. परंतु वचन पुरेसे पाळले गेले नाही म्हणून वारसा समितीने 2021 मध्ये तीव्र खेद नोंदवला. म्हणजे या बेटाविषयीचा खरा वाद भिंती किती वर्षे टिकतील हा नाही. त्या भिंतींच्या आत कोण होते, हे कोण सांगणार आणि कोणाच्या तोंडून सांगणार, हा आहे.

इथेच आमचा आक्षेप आहे. ‘माणसे नाहीशी झाली’ ही मालिकेची कल्पना आहे. पण पुराव्यासाठी घेतलेल्या जागांमधली माणसे नाहीशी झालेली नव्हती. त्यांना हलवले गेले होते. प्रिप्यातमधल्या सुमारे 49,000 लोकांना चेर्नोबिलच्या अपघातानंतर, 27 एप्रिल 1986 रोजी, बसगाड्यांत बसवून नेले. तीन दिवसांपुरते सामान घ्या, असे त्यांना सांगितले होते. ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत. त्या परिसरातल्या खेड्यांत काही म्हाताऱ्या माणसांनी मनाई असूनही परत जाऊन चूल पेटवली. त्या स्त्रियांवर 2015 मध्ये ‘द बाबुश्काज ऑफ चेर्नोबिल’ हा माहितीपट निघाला. एकाच प्रदेशाकडे पाहणारे हे दोन कॅमेरे. एकाला तिथे माणसाविना जग दिसते, दुसऱ्याला बटाटे लावणारी आजी दिसते.

कोणी म्हणेल, मालिका विज्ञानाची आहे, तिच्याकडून समाजशास्त्राची अपेक्षा का करता? हा बचाव आम्हाला अर्धाच पटतो. काल्पनिक शहर पाडायचे तर खुशाल पाडावे. पण खऱ्या माणसांचे खरे घर उदाहरणाला घेतले, तर ते कोणाचे होते हे सांगण्याची जबाबदारीही येते. नाहीतर कोणाचे तरी उजाडणे आपल्यासाठी नुसता तमाशा होतो.

मग माहितीपटाने करावे तरी काय? याचे एक उत्तर कॅनडात 1967 मध्येच मिळाले होते. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची लहान लहान कोळी गावे उठवून लोकांना मोठ्या गावांत नेण्याचे सरकारी धोरण तेव्हा जोरात होते. फोगो बेटावरही तीच वेळ आली होती. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तिथे 27 छोटे चित्रपट केले. बेटावरची गावे विखुरलेली, त्यात कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट अशी फूट. एका गावाचे दुसऱ्याशी बोलणे नाही. लो यांनी लोकांना बोलते केले आणि ते चित्रपट आधी त्यांनाच दाखवले. एका गावाने दुसऱ्या गावाचे गाऱ्हाणे पडद्यावर ऐकले आणि त्यांना उमगले की दुःख एकच आहे. पुढे हे चित्रपट सरकारलाही दाखवले गेले आणि मंत्र्याचे उत्तर चित्रित करून बेटावर आणले गेले. लोकांनी सहकारी संस्था काढली, बोटी बांधल्या, मासळीचा धंदा हाती घेतला. बेट उठले नाही. सगळे श्रेय चित्रपटांना देणे चुकीचे होईल. विद्यापीठाचे विस्तार कार्यकर्ते तिथे आधीपासून झटत होते आणि निर्णय तर लोकांचाच होता. परंतु कॅमेरा वस्ती उठण्याच्या आधी पोहोचला आणि मकीनाला बोलू दिले, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

ही तुलना आम्हाला दूरची वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यात अनेक घरांना कुलूप आहे. कोणी मुंबईला, कोणी आखातात. त्या मुलीने नंतर आमच्या प्रश्नाचे उत्तर लिहून आणले. तिच्या नानाच्या घराची किल्ली शेजारच्या चाचींकडे असते. चाची दर जुम्याला दार उघडतात, झाडू मारतात, खिडक्या उघडून हवा खेळू देतात आणि अस्रच्या आधी पुन्हा कुलूप लावतात. “जब तक चाची हैं, घर नहीं गिरेगा,” हे तिचे शेवटचे वाक्य. आम्ही सळई आणि गंज यांसाठी ठेवलेले गुणही तिला दिले.

‘लाइफ आफ्टर पीपल’ आमच्या वाचकांनी जरूर पाहावी, मुलांनाही दाखवावी. फक्त ती संपल्यावर मुलांना एक वही द्यावी. आपल्या आळीतली घरे त्यांनी मोजावीत. कोणते उघडे, कोणते बंद, बंद असेल तर त्यातली माणसे कुठे गेली, का गेली आणि किल्ली कोणाकडे आहे, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहावे. आमच्या वर्गाने हे काम सुरू केले आहे. आतापर्यंत 23 घरांची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या चार घरांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे अजून कोणालाच सांगता आलेले नाही.