कॅन्सस सिटीचा टेक नाइन

कवि आणि राजधानी यांचें नातें फार जुनें आहे. कवीला ऐकणारा हवा असतो, ऐकणारा जेथें पैसा व प्रतिष्ठा एकवटली असेल तेथें सांपडतो, आणि म्हणून आडवळणाच्या शहरांतला गुणी मनुष्य एक ना एक दिवस वळकटी बांधून राजधानीची वाट धरतो. मुंबई-पुण्याबाहेर राहून लिहिणाऱ्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. अमेरिकेंतील रॅप या काव्यप्रकाराचीहि हीच कथा. त्याचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागांत झाला. पुढें लॉस एंजलीस व त्यानंतर अटलांटा या त्याच्या आणखी राजधान्या झाल्या. आणि यांपैकीं एकीचा शिक्का कपाळीं असल्याखेरीज रॅपरास कोणी विचारीत नाहीं असा समज रूढ झाला. हा समज ज्यानें आपल्याच गांवांत ठाण मांडून खोटा पाडला, त्या टेक नाइन नामक गायकाच्या कामगिरीचा विचार आज करावयाचा आहे.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्यानें याची एक सी. डी. आणून दिली. आम्हीं तींतलीं दोन गीतें अर्धवट ऐकलीं आणि 'हें यंत्र आहे, काव्य नव्हे' असा निकाल देऊन मोकळे झालों. एवढ्यावर भागलें असतें तर ठीक. परंतु तोच निकाल आम्हीं वर्गांत, शब्दबंबाळपणाचें उदाहरण म्हणून, चांगला दोन-तीन वर्षें वापरला. पुढें याच गायकाचें 'फ्रॅजाइल' (२०१३) हें गीत ऐकण्याचा योग आला. केंड्रिक लमार या नामांकित रॅपरच्या साथीनें म्हटलेल्या त्या गीताचा विषय टीकाकार हा आहे. ज्या कामांत एकाद्यानें आपलें आयुष्य ओतलें तें काम घाईनें ऐकून चार ओळींत निकालांत काढणाऱ्या लेखकाला तो त्यांत जाब विचारतो, आणि आपण वरून दिसतों तसे दगडाचे नाहीं हेंहि लपवीत नाहीं. आम्हांस तें गीत ऐकतांना अवघडल्यासारखें झालें. त्यानंतर जें सावकाश ऐकलें त्याचें फळ म्हणजे हा लेख होय.

ॲरन डॉन्टेझ येट्स हें या गायकाचें मूळ नांव. जन्म ८ नोव्हेंबर १९७१, मिझूरी संस्थानांतील कॅन्सस सिटी येथें. हें शहर मिझूरी नदीच्या कांठीं, देशाच्या अगदी पोटांत आहे. वस्ती २०२० च्या शिरगणतीप्रमाणें पांच लाखांहून किंचित् अधिक. रेल्वेचीं जंक्शनें आणि गुरांचे बाजार यांवर तें वाढलें. परंतु संगीताच्या इतिहासांत त्याचें नांव नाहीं असें मात्र नव्हे. १९२० ते १९४० या काळांत टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याच्या वरदहस्तामुळें तेथील दारूचे गुत्ते रात्रभर उघडे राहत, आणि त्या गुत्त्यांतच जॅझ संगीताचा एक स्वतंत्र घाट तयार झाला. काउंट बेसीचा वाद्यवृंद येथें नांवारूपास आला. चार्ली पार्कर येथेंच वाढला. पण पुढें काय झालें? बेसी १९३६ मध्यें बाहेर पडला, पार्करनेंहि न्यू यॉर्क गांठलें, आणि गांवाच्या हातीं आठवणी तेवढ्या राहिल्या. गुण पिकवावयाचा आणि तो बाहेर विकला जातांना पाहावयाचा, ही अशा शहरांची ठरलेली रीत आहे. येट्सचें वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहिलें पाहिजे.

राजधानीचा मोह त्यालाहि सुटला नव्हता. १९९३ मध्यें एका मंडळीबरोबर त्यानें पर्स्पेक्टिव्ह या कंपनीशीं करार केला. पुढें प्रख्यात संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या क्वेस्ट कंपनीशीं केला. दोन्हींकडे वर्षें गेलीं. स्वतःचा असा एकहि संग्रह त्यांतून निघाला नाहीं. मोठ्या कंपन्यांत हें नेहमीं घडतें. गायक विकत घेऊन फडताळांत ठेवणें हा त्यांच्या धंद्याचा भागच आहे. शेवटीं १९९९ मध्यें त्याच्याच शहरांतील ट्रॅव्हिस ओग्विन नांवाचा, लाकडी सामानाच्या व्यापारांत पैसा मिळविलेला एक तरुण पुढें आला आणि दोघांनीं मिळून स्ट्रेंज म्यूझिक ही स्वतःची कंपनी काढली. साप आणि वटवाघूळ हें तिचें बोधचिन्ह. गायक व फर्निचरवाला ही जोडी प्रथमदर्शनीं विनोदी वाटते, पण तिनें केलेलें काम विनोदी नाहीं.

रेडिओवर गीत वाजलें म्हणजे गायक मोठा, हा त्या काळचा नियम. रेडिओ यांना दाद देईना. तेव्हां यांनीं गाडी जोडून गांवोगांव हिंडावयाचें ठरविलें, आणि मोठ्या गायकांच्या दौऱ्यांत ज्यांचीं नांवें कधीं येत नाहींत अशा गांवांतहि खेळ केले. ऐकणारा एकदां आला कीं दुसऱ्या वर्षीं दोन मित्र घेऊन येई. २०१२ च्या दौऱ्यांत ९९ दिवसांत ९० खेळ झाले. हा आंकडा आमच्या तमाशाच्या फडांस कदाचित् नवल वाटणार नाहीं. हंगामांत गाडीवर निजून सकाळीं दुसऱ्या गांवीं उतरणें त्यांच्या अंगवळणी पडलेलें असतें. अंगरखे छापणें, तीं विकणें, तिकिटें, गोदाम, चित्रणगृह हें सर्व कंपनीनें आपल्याच हातीं ठेवलें. शहरालगतच्या लीज समिट येथें तिचें ठाणें उभें राहिलें. २०११ चा 'ऑल सिक्सेस अँड सेव्हन्स' हा संग्रह बिलबोर्ड या पत्राच्या मुख्य यादींत एकदम चौथ्या स्थानीं आला. 'समथिंग एल्स' (२०१३) आणि 'स्पेशल इफेक्ट्स' (२०१५) हेहि चौथ्याच. फोर्ब्स मासिकानें सर्वाधिक कमाई करणाऱ्या रॅपरांच्या यादींत त्याचें नांव घातलें, तेव्हां पुष्कळांनीं हा कोण म्हणून विचारलें असेल.

व्यापाराची ही हकीकत वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर असें कीं, काव्याचा पोत आणि कवीचा पोटापाण्याचा मार्ग यांचा संबंध आपण समजतों त्याहून निकटचा आहे. ज्याला रेडिओसाठीं तीन मिनिटांचें गोड गीत रचावें लागत नाहीं, तो आपल्या मनांतला अंधार मनसोक्त उकरूं शकतो. 'अँघेलिक' (२००१) या संग्रहाचे नरक, शुद्धिलोक व स्वर्ग असे तीन भाग आहेत. दांतेची आठवण कोणासहि व्हावी. 'के. ओ. डी.' (२००९) यांत क्रोध, उन्माद व खड्डा अशी उतरती वाट आहे, आणि तींत स्वर्ग नाहीं. 'समथिंग एल्स'मध्यें अग्नि, जल व पृथ्वी हीं तत्त्वें घेतलीं आहेत. असली मांडणी बाजारी कंपनीनें खपवून घेतली असती असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, दुकान स्वतःचें झालें कीं दुकानाची भूकहि आपलीच होते. दौऱ्यामागून दौरा, संग्रहामागून संग्रह. गायकाची भेटसुद्धां वेगळ्या दराच्या तिकिटावर. मालक सुटला आणि गिऱ्हाईक मालक झालें, असें कित्येक दुय्यम संग्रह ऐकतांना वाटून जातें.

आतां त्याच्या कलेकडे वळूं. रॅपच्या ज्या शैलींत तो गातो तिला 'चॉपर' असें नांव आहे. तुकडे पाडणारा, असा त्याचा अर्थ. नुसता वेग हें तिचें वर्णन पुरें नाहीं. चार ठोक्यांच्या आवर्तनांत प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून प्रत्येक भागावर एक अक्षर बसविणें हें सरावानें जमतें, आणि कंटाळवाणेंहि होतें. टेक नाइनचें मर्म असें कीं, तो एका ओळींत चतस्र जातीनें चालतो, दुसरींत अकस्मात् तिस्र धरतो, मधेंच एक ठोका रिकामा सोडतो, आणि तो रिकामा ठोका भरलेल्या ठोक्यांहून अधिक बोलतो. इंग्रजी ही आघातांची भाषा. तींत क, ट, प हीं व्यंजनें शब्दाच्या शेवटीं तुटक येतात. हीं तुटक व्यंजनें तो तबल्यावरील बोलांसारखीं वापरतो. आणि उच्चार? इतक्या गतींतहि अक्षर अक्षर स्वच्छ. आमच्या जुन्या वाचकांस अमृतरायांचे कटाव आठवत असतील. चांगला कीर्तनकार ते एका दमांत म्हणूं लागला म्हणजे प्रासांच्या माळेंत श्रोता अर्थाआधींच गुंतत असे. दोहोंत ऐतिहासिक संबंध कांहीं नाहीं हें उघडच आहे. परंतु कटावाचा कीर्तनकार वर्णनाच्या ओघांत वेग घेतो आणि उपदेशाला आला कीं थांबतो. हा गायक नेमका व्यथेच्या जागीं वेग वाढवितो, जणूं सांवकाश म्हटलें तर म्हणवणार नाहीं. त्याला मिळालेलें टोपणनांवहि या वेगावरूनच, टेक-९ या बंदुकीच्या नांवानें, मित्रानें ठेविलेलें. पुढें त्यानें त्याचा अर्थ बदलून 'तंत्र' आणि पूर्णतेचा अंक नऊ असा लाविला. बंदुकीचें तंत्र करणें हें आम्हांस आवडलें.

'वर्ल्डवाइड चॉपर्स' (२०११) या गीतांत त्यानें या शैलीचे देशोदेशींचे गायक एकत्र आणले. बस्टा ऱ्हाइम्स व ट्विस्टा हे अमेरिकन तर आहेतच, पण जेझा हा तुर्की गायक आपल्या तुर्कींत गातो. आम्हांस तुर्कीचें एक अक्षर कळत नाहीं. तरी तें कडवें आम्हीं पुनःपुन्हां ऐकलें. १९९३ मध्यें जो दुसऱ्यांच्या दारांत उभा होता, तो आतां यजमान झाला होता, आणि मैफल कॅन्सस सिटीच्या नांवानें भरली होती.

गांवाशीं असलेली ही जवळीक घोषणांत नसून तपशिलांत आहे, म्हणून ती खरी वाटते. 'द गेट्स मिक्स्ड प्लेट' (२०१०) या संग्रहाचें नांव तेथील गेट्स या भाजलेल्या मांसाच्या प्रसिद्ध खाणावळींतील ताटावरून घेतलें आहे. गांवच्या फुटबॉल संघासाठीं त्यानें 'रेड किंगडम' (२०१९) हें गीत रचलें. काव्य म्हणून तें सामान्य आहे. पण रेडिओनें ज्याला वाळीत टाकलें त्याचें गीत सबंध गांवानें आपल्या संघासाठीं उचलावें, ही मौज आहेच.

दोष सांगितले पाहिजेत. चेहऱ्यावर रंग फासून राक्षसी सोंग आणण्याची त्याची हौस सुरवातीला अर्थपूर्ण होती, पुढें ती वर्दी झाली. स्त्रियांविषयीं आणि मद्याविषयीं त्याचीं जीं अनेक गीतें आहेत, त्यांतलीं बहुतेक उथळ आहेत, कांहीं केवळ ओंगळ आहेत, आणि ती लोकप्रिय आहेत म्हणून त्यांची मुरवत धरण्याचें कारण नाहीं. आत्मस्तुति हा या काव्यप्रकाराचा कुलधर्मच असला तरी तिलाहि सीमा असावी. वीसाहून अधिक संग्रहांतून चाळणी लावली तर तीन-चार संग्रहांचें उत्तम काव्य हातीं येईल.

पण त्या चाळणींत उरतें काय, तें पाहावें. त्याच्या घरांत आईचा ख्रिस्ती धर्म आणि सावत्र वडिलांचा इस्लाम असे दोन देव नांदत होते. आई अपस्माराच्या व ल्यूपस या व्याधीच्या जाचांत वर्षानुवर्षें झिजली आणि २०१४ मध्यें वारली. ती जिवंत असतांना, 'के. ओ. डी.'मध्यें, त्यानें 'शो मी अ गॉड' हें गीत घातलें. त्यांत तो देवाला नाकारीत नाहीं. देव असेल तर त्यानें या आजारी बाईच्या खोलींत यावें, एवढेंच मागणें मागतो. भक्तानें देवाशीं भांडणें आमच्या संतवाङ्मयांत नवीन नाहीं, पण तेथें भांडणाच्या शेवटीं देव येतो हें भांडणाऱ्यास ठाऊक असतें. येथें कोणी येत नाहीं. गायकाची ती प्रख्यात गति या गीतांत मंदावलेली आहे, शब्द अडखळत नाहींत पण धांवतहि नाहींत, आणि ज्याला आम्हीं यंत्र म्हटलें होतें त्याचा श्वास दोन ओळींच्या मधें स्पष्ट ऐकूं येतो.

विद्यार्थ्याची ती सी. डी. 'के. ओ. डी.'चीच होती. हें गीत तिच्यावर होतें. आम्ही तेथपर्यंत पोंचलोंच नव्हतों. ती अद्याप आमच्याच कपाटांत आहे.