‘शीर साफ केली’ : एका क्रियापदाची चिकित्सा

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. सांगली-सातारा या मुलखात डॉक्टर आणि रोगी यांच्यामधील शब्दांची देवघेव तेव्हापासून अखंड चालू आहे. त्या देवघेवीतील अलीकडचे एक नाणे आम्हांस खोटे वाटते. ‘शीर साफ केली’ हे ते नाणे होय.

हृदयाच्या रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कठीण झाली असता नुसत्या फुग्याच्या बळावर बसविलेला स्टेन्ट पुष्कळदा पुरता उघडत नाही. म्हणून आधी त्या थराची व्यवस्था लावावी लागते, आणि ती कोणत्या साधनाने लावावयाची हे रोहिणीच्या आतून घेतलेल्या प्रतिमेवरून ठरविता येते. ओ. सी. टी. प्रकाशाने पाहते, म्हणून थराची जाडीही सांगते. आयव्हस ध्वनीने पाहते, पण कॅल्शियममागे सावली पडत असल्याने जाडीपाशी अडते. वेढा १८० अंशांहून, जाडी ०.५ मिलिमीटरहून आणि लांबी ५ मिलिमीटरहून अधिक, अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली की स्टेन्ट अपुरा उघडण्याचा धोका वाढतो.

आता क्रियापदे पाहावीत. हिरकणांचे फिरते टोक थर घासते. पात्यांचा फुगा तो चिरतो. ध्वनिलहरींचा फुगा त्यास तडे पाडतो. घासल्याने थर झिजून त्याचे सूक्ष्म कण रक्ताबरोबर वाहून जातात. तडे पाडल्यावर मात्र कॅल्शियम जागच्या जागी राहते. भिंत ताणली जाण्याजोगी होते, एवढेच. वाट इतकी अरुंद असेल की फुगा आत शिरतच नाही, तर आधी घासणे प्राप्त होते. वेढा जाड पण वाट मोकळी असेल, तर तडे पाडणे सोयीचे. गवंडी-सुतारांच्या बोलीत ही क्रियापदे तयार असता ‘साफ करणे’ हे एकच वापरून आपण निवडीमागचा सारा विवेक पुसून टाकतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. शीर साफ झाली असे ऐकलेला मनुष्य रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या परस्पर सोडून देण्याचा संभव असतो, आणि नव्या स्टेन्टमध्ये गुठळी होण्यास तेवढे पुरे होते. शिवाय ‘मशीनने साफ केली’ यात श्रेष्ठतेचा एक सूर असतो. त्यास आधार थोडाच. २००५ रुग्णांवरील ‘एक्लिप्स’ चाचणीत (लॅन्सेट, २०२५) सरसकट घासण्याच्या पद्धतीचा फुग्यांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही.

नामांचीही तीच गत आहे. ‘क्षार’ म्हणावे, तर कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास क्षारपड जमीन आठवते आणि तो ताटातील मीठ दोषी धरतो. ‘कॅल्शियम’ म्हणावे, तर घरातील मंडळी दूध बंद करतात. वस्तुतः हा साठा भिंतीच्या जुन्या रोगाचाच भाग असून वय, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार यांचा त्याशी संबंध आहे. आम्ही ‘चुनखडीचा थर’ पसंत करू. जेथे थर नसून पोकळीत घुसलेला उंचवटा असतो, तेथे ‘गाठ’ हा शब्द नको, कारण तो कर्करोगाची भीती घालतो. ‘खडा’ म्हणावे, तर मूतखड्याप्रमाणे तो बाहेर काढला असे वाटते. तूर्त ‘टेंगूळ’ चालवून पाहावे.