वुचाले तहाचे सतरावे कलम : ‘चुकीचे भाषांतर’ या निर्णयाची चिकित्सा

इथिओपियाचे मेनेलिक (दुसरे) आणि इटलीचे प्रतिनिधी काउंट पिएत्रो अंतोनेल्ली यांच्यात २ मे १८८९ रोजी वुचाले येथे झालेला तह अभ्यासकांस मुख्यतः त्याच्या सतराव्या कलमामुळे परिचित आहे. बलाढ्य पाश्चात्त्य सत्तांशी व्यवहार करताना दुबळ्या राष्ट्राची भाषांतरामुळे कशी फसगत होते, याचा दाखला म्हणून हे कलम नेहमी पुढे केले जाते. हा दाखला खोटा आहे असे नाही. परंतु तो ज्या रीतीने मांडला जातो तीत एक गृहीतक दडलेले आहे. त्या गृहीतकाची तपासणी हाच प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम दोन्ही पाठ पाहू. युरोपातील राजांशी असलेल्या व्यवहारांत इटलीच्या सरकारच्या साहाय्यासंबंधी अम्हारिक पाठात ‘यिच्चालाच्चवाल’ हे क्रियारूप येते. त्याचा अर्थ ‘त्यांना शक्य आहे’ असा. येथे क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी असून ज्याला शक्य आहे ती व्यक्ती कर्मदर्शक आदरार्थी प्रत्ययाने दाखविली जाते. सेमिटिक कुळातील ही रचना मराठीभाषकाला परकी वाटू नये. ‘महाराजांना हा व्यवहार इटलीच्या साहाय्याने करता येईल’ हे आपले वाक्य जवळजवळ त्याच घडणीचे आहे, आणि ते ऐकून महाराजांवर सक्ती झाली असे कोणी समजणार नाही. इटालियन पाठात मात्र ‘कोन्सेन्ते दी सर्विर्सी’, म्हणजे ‘(इटलीच्या सरकारचा) उपयोग करून घेण्यास संमती देत आहेत’, अशी योजना आहे. येथे महाराज स्वतः कर्ते आहेत, आणि संमतीचे क्षेत्र इतर सत्तांशी होणाऱ्या सर्व व्यवहारांपर्यंत पसरलेले आहे.

हा भेद उघड आहे. तथापि केवळ त्यातून संरक्षित राज्य निर्माण होते काय? संमती एकदा तहात नोंदली गेली की तिला बंधनाचे स्वरूप येते, हा इटलीचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु ‘केलेच पाहिजे’ असा अर्थ इटालियन क्रियापदातही नाही, आणि ‘संरक्षण’ हा शब्द तर या कलमाच्या कोणत्याच पाठात नाही. तो अर्थ बाहेरून आला. १८८५ च्या बर्लिन कराराच्या चौतिसाव्या कलमान्वये, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर संरक्षणाधिकार स्थापन करणाऱ्या सत्तेने इतर सत्तांना तसे कळविणे आवश्यक होते. इटलीने ऑक्टोबर १८८९ मध्ये सतरावे कलम याच तरतुदीखाली कळविले. शब्दाला बंधन बनविणारी क्रिया ही होय. मेनेलिक यांनी आपल्या राज्यारोहणाची वार्ता ब्रिटन व जर्मनीस पत्रांनी कळविली, तेव्हा १८९० साली आलेल्या उत्तरांतून, यापुढील व्यवहार इटलीमार्फत व्हावा, असे त्यांना समजले.

आता एकोणिसावे कलम ध्यानात घ्यावे. दोन्ही पाठ परस्परांशी पूर्णपणे जुळतात आणि दोन्ही सारखेच प्रमाण आहेत, असे ते सांगते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अम्हारिक पाठ हा कोणाचा अनुवाद नव्हता. असे असता ‘भाषांतर चुकले’ असे म्हणणारा इतिहासकार नकळत इटालियन पाठास मूळ आणि अम्हारिक पाठास त्याची सदोष प्रत ठरवितो. इटलीच्या दाव्याचा निषेध करीत असतानाच तो त्या दाव्याचा पाया मान्य करून बसतो.

या कलमावरील आधुनिक संशोधनात स्वेन रुबेन्सन यांचे कार्य महत्त्वाचे आहे. १९६४ साली त्यांनी दोन्ही पाठांची तुलना करून अंतोनेल्ली यांच्या प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह लावले. कार्लो जिल्यो यांनी १९६५ साली त्याचा प्रतिवाद केला आणि पुढील वर्षी रुबेन्सन यांनी त्यास उत्तर दिले. अम्हारिक पाठास साक्षीदाराचा मान मिळवून देणे हे रुबेन्सन यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु या वादाचा बराच भर कोणास काय ठाऊक होते आणि कोणाचा हेतू काय होता, यावर राहिला. अंतोनेल्ली यांचा हेतू शुद्ध होता असे क्षणभर धरले, तरी युरोपातील राजधान्यांत एकच पाठ का वाचला गेला, हा प्रश्न उरतोच.

मेनेलिक यांनी सप्टेंबर १८९० मध्ये राजा उम्बेर्तो यांना दोन पाठांतील विसंगती दाखवून दिली होती. मैत्रीखातर साहाय्य घेण्याची मुभा आपण ठेवली, बंधन पत्करले नाही, ही त्यांची भूमिका पाठाला धरून होती. तरीही १८९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये ब्रिटनने इटलीशी करार करून इथिओपिया इटलीच्या प्रभावक्षेत्रात असल्याचे मान्य केले. मेनेलिक यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये तह नाकारला. १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे इटलीच्या सैन्याचा पराभव झाला, आणि २६ ऑक्टोबर १८९६ च्या अदिस अबाबा तहाने वुचालेचा तह रद्द होऊन इथिओपियाचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य करण्यात आले. १८९० साली जो युक्तिवाद बिनतोड होता, तो ग्राह्य ठरण्यास सहा वर्षे आणि एक युद्ध लागले. त्या अवधीत व्याकरणात काहीच बदलले नव्हते.

म्हणून द्वैभाषिक तहांचा अभ्यास करणाऱ्याने पाठभेद नोंदवून थांबू नये. कोणता पाठ कोणासमोर, कोणत्या नियमाखाली व कोणी ठेवला, हेही त्याने तपासावे. १८४० च्या वाइतांगी तहाच्या माओरी व इंग्रजी पाठांस हीच कसोटी लावता येईल. लहान राष्ट्राची भाषा तहात समान प्रमाण मानली जाणे आणि ती प्रत्यक्षात वाचली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘चुकीचे भाषांतर’ हा सोयीचा निर्णय त्या दोहोंमधील अंतर झाकून टाकतो, आणि दोषाचा भार मात्र ज्या भाषेचे म्हणणे ऐकलेच गेले नाही तिच्या माथी येतो.